बरणीतला पुस्तककिडा

रात्रीचे पावणेबारा वाजले की आमच्या घरात एक माणूस अंथरुणातून उठतो आणि दिवसभरातला उरलेला डेटा खर्च करायला बसतो. तो माणूस मी. आमचं इंटरनेट सिमकार्डावर चालतं आणि त्याचा रतीब दिवसाला दोन जीबी. बाराच्या ठोक्याला जुने दोन जीबी रद्द, नवे दोन सुरू. उरलंसुरलं दुसऱ्या दिवशीच्या खात्यात जमा होत नाही. हा नियम ज्याने केला तो कोकणातला नसणार.

रत्नागिरीत तारेचं इंटरनेट नाही असं नाही. आहे. आमच्याकडे ती तार खांबावरून माडावर, माडावरून शेजारच्या पडवीवर अशी माकडांच्या वाटेने यायची आणि मृगाच्या पहिल्या वाऱ्यात तिच्यावर एखादी झावळ पडली की थेट गणपतीपर्यंत अंगणात लोंबत राहायची. दोन पावसाळे आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घातले. मग सिमकार्ड घेतलं.

तर साडेअकराला मोबाइल सांगतो की अजून सातशे एमबी शिल्लक आहेत, आणि माझ्या पोटात कालवतं. नळ जायच्या वेळेला आमची आई हंडा, कळशी, बादली भरून झाली की तांबे आणि फुलपात्रंसुद्धा भरून ठेवायची. तेच रक्त. इतर लोक अशा वेळी सिनेमा बघत असतील. मी कॉम्प्युटर अपडेट करतो.

घरात कॉम्प्युटर चार आणि चारही लिनक्सवर. त्यामागे निम्मं तत्त्व आहे आणि निम्मी काटकसर. मोठं निम्मं कोणतं ते मी कुणाला सांगत नाही. सुरुवात २००६ साली एका पाकिटाने झाली. उबुंटूवाले तेव्हा मागेल त्याला जगभर टपालाने फुकट सीडी पाठवत. (पुढे २०११ मध्ये त्यांनी ते बंद केलं.) परदेशी शिक्का बघून पोस्टमनने पाकीट हातात देताना विचारलं होतं, ‘‘काही भानगड नाही ना?’’ ती सीडी आमच्या आळीतल्या अकरा घरांत फिरली आणि बाराव्या घरातून परत आली नाही. त्या काळी अख्खं लिनक्स असं हातोहात जायचं. पुन्हा पुन्हा उतरवून घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण उतरवून घेण्याइतकं इंटरनेटच कुणाकडे नव्हतं.

आता आहे, आणि त्याचीच पंचाईत आहे. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर वाटेल तिथून उचलून आणायचं नसतं. प्रत्येक घराण्याचं आपलं भांडार असतं. डेबियन नावाच्या घराण्याच्या बाराव्या आवृत्तीच्या भांडारात ६४,४१९ पॅकेजं आहेत, आणि ती बांधून, तपासून ठेवणारी माणसं जगभर पसरलेले स्वयंसेवक आहेत. भांडारातून माल आणायला ‘ॲप्ट’ नावाचा गडी. त्याला ‘अपडेट’ म्हटलं की तो फक्त नवी यादी घेऊन येतो. ‘अपग्रेड’ म्हटलं की माल आणतो. नवशिके लोक अपडेट करून स्वस्थ बसतात आणि काहीच कसं बदललं नाही म्हणून चिडतात. यादी केली म्हणजे किराणा आला असं आमच्या घरात तरी कधी झालेलं नाही.

एका रात्री मी माझ्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिस अपग्रेड करत होतो. ही शाळेत गणित शिकवते. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढत शेजारी बसली होती. तिच्या लॅपटॉपवरही तेच अपग्रेड चालू केलं.

‘‘काल मुलीच्या लॅपटॉपवर हेच आणत होतात ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग आज पुन्हा?’’

‘‘तो तिचा. हा तुझा.’’

‘‘पानं चार मांडायची असली तर बाजारात चारदा जाता का?’’

तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढं कळतं की याला उत्तर द्यायचं नसतं, उपाय करायचा असतो.

उपायाचं नाव ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’. हा एक मध्यस्थ. संगणकाच्या भाषेत प्रॉक्सी. आमच्या पिढीला प्रॉक्सी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. कॉलेजात आपला मित्र लांज्याला असताना त्याच्या नंबरावर ‘येस सर’ म्हणणं म्हणजे प्रॉक्सी. हाही तेच करतो. घरातल्या कॉम्प्युटरने भांडाराला हाक मारली की भांडाराच्या वतीने हा ‘येस सर’ म्हणतो. मागितलेलं पॅकेज आपल्याकडे असेल तर काढून देतो; नसेल तर भांडारातून एकदाच आणतो, मागणाऱ्याला देतो आणि एक प्रत फडताळात ठेवतो. दुसरा मागायला आला की फडताळातून. सगळं शास्त्र एवढंच. माझ्या आजीला हे चौथीत नापास होऊनही येत होतं.

बसवायला एक आज्ञा पुरते. माझ्याकडे २००९ सालचा एक जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडला होता, तो खाली काढला, झुरळांना नोटीस दिली आणि त्याला फडताळ केलं. हा मध्यस्थ ३१४२ या क्रमांकाच्या दारावर बसतो. हिने तो आकडा कागदावर बघितला आणि म्हणाली, ‘‘बावीस सप्तमांश. दशांशचिन्ह खाल्लंत.’’ दशांशचिन्ह मी खाल्लेलं नाही, तो आकडाच तसा आहे, हे सिद्ध करण्यात पंधरा मिनिटं गेली.

मग बाकीच्या चौघांना सांगायचं की यापुढे थेट बाजारात जायचं नाही, फडताळाकडे मागायचं. त्यासाठी ॲप्टच्या सेटिंगांच्या फोल्डरात एका ओळीची फाइल ठेवायची. एक ओळ! ती मी लिहिली, आणि ॲप्टने मला सुनावलं की फायलीच्या शेवटी जास्तीचा कचरा आहे. फायलीला आरंभ आणि शेवट मिळून एकच ओळ, तीही मी चष्मा लावून लिहिलेली. अर्धा तास मी त्यात कचरा शोधला. कचरा काही नव्हता. ओळीच्या शेवटचं अर्धविराम चिन्ह राहिलं होतं. म्हणजे जे नाही त्याला हा गडी कचरा म्हणतो. सरकारी कचेरीतसुद्धा जोडलेली कागदपत्रं कमी असली की कमी आहेत असंच म्हणतात हो.

आईला मात्र हा प्रकार पहिल्या दिवसापासून पटला. तिचं वय चौऱ्याऐंशी. तिच्या कोठीच्या खोलीत चैत्र-वैशाखात भरलेल्या बरण्या आहेत: साठं, फणसाचे पापड, आमसुलं, कुळथाचं पीठ, लोणची. तिला मी सांगितलं की हे तुझ्या कोठीसारखं आहे, एकदा आणून ठेवायचं आणि वर्षभर काढायचं. ‘‘मग आत्तापर्यंत काय करत होतास?’’ तिने विचारलं. मग म्हणाली, ‘‘बाहेरचा माल बरणीत भरतोस, पण मध्येच कुणी काही मिसळलं तर?’’

हा प्रश्न मोठमोठ्या लोकांनाही पडतो, आणि याचं उत्तर मला फार आवडतं. डेबियनचा माल पूर्वीपासून साध्या, उघड्या रस्त्याने येतो. वाटेत कुणीही बघू शकतं. पण प्रत्येक पॅकेजचा एक ठसा, अंगठ्याच्या ठशासारखा, यादीत नोंदलेला असतो. त्या यादीचा ठसा आणखी एका फायलीत. आणि त्या फायलीवर डेबियनवाल्यांची सही. सही पडताळायची किल्ली आपल्या कॉम्प्युटरवर आधीपासून असते. त्यामुळे माल कुणाच्या हातून आला, कुणाच्या फडताळात राहिला, याला काही किंमत नाही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट माल परत टाकतो. आईला मी सांगितलं, तू लोणच्याची बरणी लाल डब्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती मुंबईला पाठवायचीस, वर फडकं बांधून गाठ मारून. गाठ तुझीच आहे हे ताईला कळायचं. तेच.

‘‘गाठ सोडून दोन फोडी काढून परत बांधता येते,’’ आई म्हणाली. ‘‘तुझे मामा काढायचे.’’

मामांच्या हातात सुदैवाने ॲप्ट नव्हतं.

‘‘आणि बरणीत आहे तरी काय?’’

मी बेसावधपणे खरं ते सांगितलं. डेबियनवाले आपल्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या पात्रांची नावं देतात. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीचं नाव बुकवर्म. पुस्तककिडा.

‘‘बरणीत किडा?’’ आईने जप थांबवला. दुसऱ्या दिवशी त्या कॉम्प्युटरच्या पेटीवर कडुलिंबाची वाळकी पानं ठेवलेली आढळली. ती मी काढलेली नाहीत. त्यानंतर खरोखरच किडा म्हणावा असा दोष त्या यंत्रात निघालेला नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

या फडताळाचं हिशोबाचं एक पान ब्राउझरमध्ये उघडतं. किती वेळा माल फडताळात सापडला, ते ‘हिट’. किती वेळा बाजारात जावं लागलं, ते ‘मिस’. पहिला महिना संपल्यावर मी हे पान घरच्यांसमोर समारंभपूर्वक उघडलं. मिस भरपूर होते. हिट शोधावे लागले.

ही चष्मा वर करून म्हणाली, ‘‘हा निकाल आमच्या नववी ब पेक्षा वाईट आहे.’’

कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर मला मी मराठी असल्याची खात्री पटली. चार कॉम्प्युटर होते आणि चौघांचं गोत्र वेगळं. माझ्यावर डेबियन १२. हिच्यावर उबुंटू २२.०४. मुलीच्या लॅपटॉपवर मिंट. आणि आईला नाट्यगीतं लावून देणारं रास्पबेरी पाय. वंश डेबियनचाच, पण प्रोसेसर मोबाइलमध्ये असतो त्या जातीचा. यातलं प्रत्येक मीच बसवलेलं होतं, त्या त्या वेळी जे उत्तम वाटलं ते. एकाच लिबरऑफिसची उबुंटूची पुडी डेबियनला चालत नाही, आणि माझ्या प्रोसेसरची पुडी रास्पबेरीला चालत नाही. एकीला कांदा नको, एकाला गूळ नको, एकाचा उपास, एकीचं सोवळं. आणि मी एकत्र स्वयंपाकघर काढायला निघालो होतो!

त्यातल्या त्यात मिंट ही उबुंटूची भावकी. मिंटची एकविसावी आवृत्ती उबुंटू २२.०४ वरच उभी आहे आणि बराचसा माल उबुंटूच्याच भांडारातून घेते, म्हणून हिच्या आणि मुलीच्या लॅपटॉपांत देवाणघेवाण व्हायला हवी होती. पण मुलगी जूनमध्येच पुण्याला वसतिगृहात गेलेली.

आणि एक हिट असा होता की त्याने मला जागच्या जागी बसवलं. काही पॅकेजांना प्रोसेसरचं सोयरसुतक नसतं. त्यांच्या नावापुढे ‘ऑल’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे सगळ्यांना चालणारं. फॉन्ट, चित्रं, कागदपत्रं अशी. त्यातलं एक मी माझ्या कॉम्प्युटरवर आणलं होतं आणि पुढे आईच्या रास्पबेरीने तेच मागितलं, गाण्यांची नावं नीट दिसावीत म्हणून. ते फडताळातून निघालं. पॅकेज होतं लोहित नावाचा देवनागरी फॉन्ट. आमच्या घरात दुसऱ्यांदा बाजारातून आणावी लागली नाही अशी पहिली वस्तू म्हणजे अ, आ, इ, ई.

मला गहिवरून आलं. हिने विचारलं, फाइल केवढी? एक एमबीसुद्धा नव्हती. मी विषय बदलला.

विषय बदलला तो विजेच्या बिलावर गेला. तो २००९ चा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू. हिने पाठीमागची पट्टी वाचली, मीटरवर एक दिवस नजर ठेवली आणि फळ्यावर मांडावं तसं मांडलं: सत्तर वॅट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, म्हणजे महिन्याला पन्नास युनिट. त्या बदल्यात वाचलेला डेटा: एक एमबी वजा काहीतरी. आणि तो डेटा वाचला नसता तरी रात्री बारा वाजता रद्दच होणार होता. ‘‘म्हणजे जे फुकट जाणार होतं ते वाचवायला तुम्ही विकतचं जाळलंत,’’ ती म्हणाली. ‘‘ल.सा.वि. काढू का?’’

मग फडताळ रास्पबेरीवर हलवलं. ते पाच वॅटवर भागवतं. महिन्याला साडेतीन युनिट आणि वर थोडं. आईची नाट्यगीतं आणि डेबियनचा माल एकाच पेटीतून येऊ लागला. फक्त फडताळाचा पत्ता बदलला, त्यामुळे तीन ठिकाणची ती एका ओळीची फाइल पुन्हा लिहावी लागली. एका ठिकाणी अर्धविराम पुन्हा राहिला.

गोत्राचा प्रश्न उरला होता. मी घरात समान नागरी कायदा आणला: सगळ्यांवर डेबियन १२. त्याला हिचा तात्त्विक विरोध होता, कारण प्रश्नपत्रिकांच्या फायली जागेवर राहतील याची तिला खात्री नव्हती, आणि खरं म्हणजे मलाही नव्हती. तरी केलं. डेटा वाचावा म्हणून त्या आठवड्यात जेवढा डेटा ओतला तेवढा वर्षभरात ओतला नसेल. रोज रात्री बाराला टाकी भरायची आणि सकाळी सातला ठणठणाट. आईला तीन दिवस अभंग ऐकायला मिळाले नाहीत. पण नंतर हिशोबाचं पान बघण्यासारखं झालं. माझ्यावर अपग्रेड झालं की हिचा लॅपटॉप फडताळातून ओढून घेई, सरसर, जणू काही आतूनच. ते बघायला मी मुद्दाम तिच्या मागे उभा राहायचो. ती प्रश्नपत्रिका लपवायची. कारण घरात शिकवणीला येणारा एक मुलगा आहे.

आता पुण्याहून फोन. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, माझ्याकडे तीन महिने काहीच अपडेट होत नाहीये. कुठल्यातरी एकशे ब्याण्णव एकशे अडुसष्टला जोडता येत नाही म्हणतंय.’’ तो कुठलातरी म्हणजे मीच. ती जाण्याच्या आदल्या रात्री मी तिच्या लॅपटॉपवर ती ओळ लिहिली होती, आणि तो बिचारा पुण्यात बसून रत्नागिरीच्या कोठीचं दार ठोठावत होता. मुलीला डबा घरूनच आला पाहिजे असा आग्रह धरून मी तिला तीन महिने उपाशी ठेवलं होतं. असल्या प्रकारावर ‘ऑटो-ॲप्ट-प्रॉक्सी’ नावाचं एक शहाणं पॅकेज आहे: घरातलं फडताळ दिसलं तर तिथून घे, नाहीतर सरळ बाजारात जा. माझ्या एका ओळीपेक्षा ते किती समंजस आहे ते मी मुलीला फोनवर सांगायला लागलो, तर म्हणाली, ‘‘बाबा, मी ती फाइल उडवली.’’

या कोठीला न जुमानणारी मंडळीही आहेत. काही भांडारं आपला माल बंद पाकिटातून पाठवतात, वाटेतल्याला आत काय आहे ते दिसतच नाही. एरवी ते चांगलंच; पण आमच्या फडताळाला पाकीट उघडता येत नाही, आणि न दिसणारी वस्तू साठवायची कशी? ते दारातच ‘मनाई’ म्हणून परत पाठवतं. त्यावर तोडगा आहे. पत्त्यात अशी काही तिरक्या रेघांची रांगोळी घालायची की पाकीट फोडायचं काम फडताळाकडे जातं. ती रांगोळी मी दरवेळी चुकतो. आणि उबुंटूच्या काळात हिचा फायरफॉक्स होता. २२.०४ पासून उबुंटूने तो ॲप्टच्या पंगतीतून उठवून ‘स्नॅप’ नावाच्या वेगळ्या वाटेवर घातला. त्यामुळे घरात सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं, सतत नवं होणारं सॉफ्टवेअर माझ्या कोठीला वळसा घालून मागच्या दाराने यायचं. डेबियनवर आल्यापासून ते पुन्हा पुढच्या दाराने येतं. घरात कायदा आणायचं खरं कारण हेच होतं, पण ते सांगितलं असतं तर कायदा झालाच नसता.

वीज जाण्याबद्दल लिहायला बसलो तर निराळा लेख होईल. माल उतरत असताना वीज गेली की अर्धी पुडी फडताळात राहू शकते. मग मागणाऱ्याला ठसा जुळत नाही असा संदेश येतो. मामांनी दोन फोडी काढल्या. अशा वेळी हिशोबाच्या पानावर फडताळ झाडून काढायचं बटण आहे. तेच बटण जुना मालही काढतं: एखादं पॅकेज भांडाराच्या यादीतून उतरलं की चार दिवस वाट बघायची आणि मग टाकून द्यायचं. चार दिवस! आईच्या कोठीत माझ्या मुंजीतली द्रोणांची थप्पी आहे. आईला हा चार दिवसांचा नियम सांगितला तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी त्या आकड्याच्या जागी साठ लिहिलं. जागा भरत चालली आहे. पण लागलं तर?

काय लागणार आहे, हे विचारू नये. ‘लिनक्स-फर्मवेअर’ म्हणून उबुंटूचं एक पॅकेज असायचं, पाव जीबीच्या आसपास. त्यात जगातल्या नाना तऱ्हेच्या वायफाय कार्डांना आणि ग्राफिक्सच्या चिपांना लागणारं आतलं सामान असतं. त्यातल्या बहुतेक चिपांचं तोंड आमच्या घराने पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. तरी ते नवं झालं की दिवसाच्या रतिबातला आठवा हिस्सा खाऊन घरात येई. गावजेवण आहे म्हटल्यावर आपल्याही पानात सगळं वाढलं जाणार. आम्ही आता उबुंटूवर नाही. त्याची शेवटची पुडी मात्र अजून फडताळात आहे.

कंटाळा आला की मी ॲप्टला ‘मू’ अशी आज्ञा देतो. तो अक्षरांनी काढलेली एक गाय दाखवतो आणि विचारतो, आज हंबरलात का? हे खरं आहे. कुणाच्याही डेबियनवर करून बघा. वसुबारसेला आईला मी ती गाय दाखवली. तिने लांबूनच हात जोडले आणि विचारलं, ‘‘दूध?’’

गणपतीला घर भरलं. मी बरेच दिवस या दिवसाची वाट बघत होतो: मुंबईचे पुतणे, ठाण्याची भाची, सगळे लॅपटॉप घेऊन येतात, त्यांना कामं असतात. फडताळाचं खरं सार्थक भरल्या घरात. आदल्या रात्री पावणेबाराला मी सगळा माल ताजा करून ठेवला. सकाळी एकेकाला विचारत फिरलो. मोठ्या पुतण्याचं विंडोज. धाकट्याचं विंडोज, तेही कंपनीचं, हात लावायचा नाही. भाचीचं मॅक. एका पुतण्याने मात्र अभिमानाने सांगितलं, ‘‘काका, लिनक्स!’’ मी खुर्ची ओढली. ‘‘फेडोरा,’’ तो म्हणाला. त्याचा माल आरपीएमच्या पुड्यांत येतो. मी खुर्ची होती तिथे ठेवली आणि त्याला मोदक घ्यायला सांगितलं.

मुलीबरोबर तिची एक मैत्रीण आली होती, बीडची. कोकणातला गणपती बघायचा होता तिला. आरती झाली, पानं मांडायला अजून वेळ होता, म्हणून ती पडवीत लॅपटॉप उघडून बसली. मी सहज मागून गेलो. पडद्यावर तो ओळखीचा भोवरा होता. डेबियन.

‘‘कितवी आवृत्ती?’’

‘‘बारावी, काका. पण खूप दिवस अपग्रेड केलं नाहीये. पाचशे एमबी दाखवतंय. वसतिगृहाच्या वायफायवर होतच नाही, आणि इथे तुमचा डेटा...’’

‘‘जरा बघू?’’

मी ती ओळ लिहिली. अर्धविरामासकट. तिने आज्ञा दिली, सवयीने लॅपटॉप बाजूला ठेवला आणि आईशी बोलायला वळली. अर्ध्या तासाची निश्चिंती समजून. मी उभाच राहिलो. कर्नल गेलं. लिबरऑफिस गेलं. फायरफॉक्स गेला. राउटरवरचा बाहेरचा दिवा जेमतेम लुकलुकला असेल. मिनिटभरात पाचशे एमबी उतरून झाले आणि पुड्या उघडायचं काम सुरू झालं.

मैत्रीण परत वळली, पडद्याकडे बघितलं, राउटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘‘काका, एवढं सगळं इतक्यात? आलं कुठून?’’

वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारलं होतं. मी चष्मा पुसला. डेबियनपासून सुरुवात करावी, की ठशांपासून, की थेट बावीस सप्तमांशापासून, असा विचार करत घसा साफ केला. तेवढ्यात ही केळीच्या पानांची चवड घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

‘‘घरात होतं,’’ ती म्हणाली. ‘‘चला, पानं घ्या.’’